कर्जत ते लोणावळा: 'लोकमान्य'चे नॉच कसे वाढवायचे

१९६१ मध्ये चित्तरंजनच्या रेल्वे कारखान्यातून 'लोकमान्य' हे विजेवरचं इंजिन बाहेर पडलं. डब्ल्यूसीएम-५ वर्गातलं हे पहिलं इंजिन १५०० व्होल्ट डीसीवर चालायचं. हा वर्ग आता सेवेत नाही, पण सिम्युलेटरवर बोरघाटाचा ३७ला १ चढ चढायचा असेल, तर एसी इंजिनाची सवय आधी बाजूला ठेवा.

पेंटो (वरच्या तारेतून वीज घेणारा सांगाडा) वर घ्या, हवेचा दाब आणि ब्रेकसाठीचा व्हॅक्यूम (इंजिनात सुमारे ५३ सेंमी) पुरेसा झाल्याची खात्री करा. मागे बँकर (गाडीला ढकलणारं जादा इंजिन) लागला असेल तर शिट्ट्यांची देवाणघेवाण होऊ द्या, मगच ब्रेक सोडा.

नॉच म्हणजे वेग वाढवायच्या दांड्याची एकेक पायरी. पहिल्या नॉचला सहाही मोटरी सिरीजमध्ये (एकीपाठोपाठ एक जोडलेल्या) असतात, म्हणजे प्रत्येकीला जास्तीत जास्त २५० व्होल्ट. थांबलेली मोटर करंटला अडवणारं उलटं व्होल्टेज निर्माण करत नाही, म्हणून करंट आवरायला रेझिस्टन्स लागतो. प्रत्येक नॉचला तो थोडा कमी होतो. अँमीटरचा काटा खाली येऊ लागला की पुढचा नॉच द्या, त्याआधी नको. सिरीजनंतर येते सिरीज-पॅरलल जोडणी (तीन-तीन मोटरींचे दोन गट, मोटरीला ५०० व्होल्ट), मग पॅरलल (दोन-दोनचे तीन गट, ७५० व्होल्ट).

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मधल्याच नॉचवर रेंगाळणं. रेझिस्टन्स थोड्या वेळापुरतेच बनवलेले असतात. तिथे थांबलात तर त्यांच्या जाळ्या (ग्रिड) तापून लाल होतात आणि वीज नुसती उष्णतेत जाते. सलग चालवायचं ते प्रत्येक जोडणीच्या शेवटच्या नॉचवरच, जिथे रेझिस्टन्स पूर्ण निघालेला असतो. वीक फील्डही (वेग वाढवायला मोटरीचं चुंबकीय क्षेत्र कमी करणं) तिथेच द्यायचं. वेग कमी असताना दिलंत तर करंट उसळतो आणि कम्युटेटरवर (मोटरीतल्या तांब्याच्या पट्ट्यांचं फिरतं वर्तुळ, ज्यावर ब्रश टेकून करंट आत देतात) फ्लॅशओव्हर, म्हणजे ठिणगीचा भडका होतो.

पावसाळ्यात चाकं घसरतात, तीही बहुधा जोडणी बदलताना, कारण ओढ क्षणभर पडून पुन्हा झटक्याने येते. घसरणारी मोटर वेगाने फिरते, व्होल्टेजचा मोठा वाटा स्वतःकडे खेचते आणि तिच्याबरोबर सिरीजमध्ये असलेल्या मोटरी दुबळ्या पडतात. लगेच एक-दोन नॉच मागे या, चाक पकड घेऊ द्या, मग वाळू टाका. गरगर फिरणाऱ्या चाकाखाली वाळू टाकली तर अचानक पकड बसून गिअरला दणका बसतो. ओल्या वळणावर जोडणी बदलायची असेल तर वाळू आधीच सोडा.

गाडी अडली आणि काटा वर आहे, तर हट्ट धरू नका. मोटर फिरत नसताना सगळा करंट कम्युटेटरच्या ब्रशखालच्या त्याच पट्ट्यांतून जातो आणि काही सेकंदांत त्या भाजतात. नॉच शून्यावर आणा, ब्रेक लावा, बँकरला शिट्टी द्या आणि पुन्हा सिरीजपासून सुरू करा.