सरांच्या नावाने पुरस्कार सुरू करायचा आहे? आधी त्यांचे प्रसंग गोळा करा

आमचे खो-खोचे सर गेले, त्या दिवशी पुण्याच्या वैकुंठ स्मशानभूमीतून परतताना आम्ही पाच-सहा माजी विद्यार्थी नवी पेठेत बराच वेळ रस्त्याकडेला उभे होतो. ‘सरांच्या नावाने काहीतरी करायलाच हवं,’ यावर सगळ्यांचं एकमत होतं. कुणी म्हणालं स्पर्धा भरवू, कुणी म्हणालं सर्वोत्तम खेळाडूला चषक देऊ. पण सर्वोत्तम खेळाडूला चषक मिळतच असतो. सरांची नजर कायम दुसऱ्याच कुणावर असायची. म्हणून आम्ही शाळेत वागणुकीसाठीचा पुरस्कार सुरू केला. तुम्हालाही आपल्या सरांसाठी किंवा बाईंसाठी असं काही करायचं असेल, तर आमचा अनुभव उपयोगी पडेल.

पहिली भेट घरच्यांची घ्या. निधी, नाव, फोटो हे सगळं नंतर. आम्ही काकूंना भेटलो तेव्हा त्यांनी एकच अट घातली: पुरस्कार घेणाऱ्या मुलाला सरांवर भाषण करायला लावायचं नाही. ती अट आम्ही लिहूनच ठेवली.

मग प्रसंग गोळा करा. या कामाला निदान महिनाभर द्या, कारण पुढचं सगळं यावर उभं राहतं. वेगवेगळ्या वर्षांच्या मुलामुलींना फोन करा आणि ‘सर कसे होते?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘शिस्तप्रिय, प्रेमळ’ असंच येतं. त्याऐवजी विचारा, ‘सरांनी तुला कधी शाबासकी दिली? कशाबद्दल?’ आमच्याकडे आलेल्या उत्तरांत पदकांचा उल्लेख फार थोडा होता. एकीला शाबासकी मिळाली होती ती बोट लागल्याचं पंचांना दिसलं नसताना स्वतःहून बाद होऊन बाहेर आल्याबद्दल. एकाला, संघातून वगळल्यावरही रोज सकाळी मैदानावर पाणी मारायला आल्याबद्दल. पावसाळ्यात सराव बंद पडला की सर वर्गात बसवून 1980 सालच्या वानखेडेवरच्या भारत-इंग्लंड सुवर्णमहोत्सवी क्रिकेट कसोटीची गोष्ट सांगायचे, ती तर तिघांनी आठवणीने सांगितली. पंचांनी बाद दिलेल्या बॉब टेलरला आपला कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ याने परत बोलावलं, टेलर-बोथम जोडी जमली आणि इंग्लंडने सामना 10 गडी राखून जिंकला. ‘हरलो ना? तरी सांगतोय,’ असं सर म्हणायचे.

या प्रसंगांतूनच निकष काढा. ‘चारित्र्य’, ‘नेतृत्व’ असे मोठे शब्द कागदावर आले की प्रत्येक परीक्षक आपापला अर्थ लावतो. आम्ही तीन प्रश्न ठेवले. स्वतःचं किंवा संघाचं नुकसान होत असताना खरं बोलल्याचा प्रसंग कोणता? बाहेर बसावं लागलं तेव्हा काय केलं? आपल्यापेक्षा लहान किंवा कच्च्या खेळाडूला कशी मदत केली? तिन्हींची उत्तरं घडलेल्या गोष्टींनीच द्यायची. ‘स्वभावाने चांगला आहे’ हे उत्तर नाही.

निवड कोण करणार, हा नाजूक प्रश्न. फक्त मुख्याध्यापक आणि देणगीदार बसले तर नम्रपणे बोलणारं मूल निवडलं जातं. खो-खोत नऊ जण मैदानात असतात, बाकीचे बाहेर. कोण कसं वागतं हे बाहेर बसलेल्यांना नेमकं माहीत असतं. म्हणून नावं संघातल्या मुलांकडूनच चिठ्ठीवर मागवा, प्रसंगासह. शाळेच्या शिपाईमामांना आणि मैदान राखणाऱ्या मावशींना जरूर विचारा. खेळातलं कौशल्य मोजायचं नाही, पण उलट चूकही करू नका: ‘बिचाऱ्याला काहीच मिळालं नाही’ म्हणून दिलेला पुरस्कार मुलांना लगेच कळतो, आणि घेणाऱ्याला सलतो. एखाद्या वर्षी प्रसंगच सापडला नाही तर पुरस्कार देऊ नका.

पैशांसाठी वेगळा ट्रस्ट काढायची गरज नाही. नोंदणी, हिशेब, लेखापरीक्षण हा व्याप दहा जणांना झेपत नाही. शाळा चालवणाऱ्या संस्थेकडेच कायम निधी म्हणून रक्कम द्या आणि मुद्दलाला हात न लावता फक्त व्याजातून पुरस्कार द्यावा, असं देणगीपत्रात स्पष्ट लिहा. मुदत ठेवीवर 6 टक्के व्याज धरलं तर 1,00,000 रुपयांवर वर्षाला 6,000 रुपये येतात. तेवढ्यात चांगले बूट, किट आणि प्रमाणपत्र होतं. आयकराची सवलत हवी असलेल्यांनी संस्थेला तशी मान्यता आहे का ते आधी विचारावं. 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही, आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर मुळीच नाही.

प्लास्टिकचा सोनेरी चषक मात्र घेऊ नका. आम्ही कसब्यातल्या तांबट आळीत जाऊन मठारकाम केलेला, म्हणजे हातोडीचे ठोके दिलेला, तांब्याचा तांब्या करून घेतला. सर पाणी तसल्याच तांब्यातून प्यायचे. तो शाळेतच राहतो, दरवर्षीचं नाव खालच्या लाकडी पाटीवर कोरलं जातं.

दिवस हंगाम संपल्यावरचा निवडा. 29 ऑगस्टचा राष्ट्रीय क्रीडा दिन आम्हाला लवकर वाटला, कारण तोवर शालेय स्पर्धा जेमतेम सुरू झालेल्या असतात आणि मुलांचा कस लागलेला नसतो. 15 जानेवारीला, खाशाबा जाधवांच्या जन्मदिनी, राज्य क्रीडा दिन असतो. तो बरा पडतो.

कार्यक्रम पंधरा मिनिटांचा ठेवा. सरांबद्दल दोन वाक्यं, मग त्या मुलाचा किंवा मुलीचा प्रसंग, नाव न सांगता. आमच्याकडे पहिल्या वर्षी प्रसंग वाचून पुरा व्हायच्या आतच मागच्या रांगेतल्या मुलांनी तिचं नाव ओरडून सांगितलं. काकूंनी तिला पुढे बोलावून तांब्या हातात दिला, आणि तिला भाषण करावं लागलं नाही.