टाचांच्या भेगांवर क्रीम बनवताय? या चुका टाळा

क्रीम बनवायला नव्याने शिकलेली मंडळी माझ्याकडे नमुने घेऊन येतात. चुका बहुतेक त्याच त्या असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "कसं वाटलं?" असं विचारून मिळालेलं उत्तर खरं धरणं. शिरोळ भागात शेतमजुरी करणाऱ्या बारा जणींना मी युरियाचं (कडक त्वचा मऊ करणारं) क्रीम दिलं होतं. पंधरा दिवसांनी गेले तर प्रत्येक जण म्हणाली, "चांगलं हाय की ताई." परत निघताना एका मावशींकडे पाणी प्यायला थांबले. डबी देव्हाऱ्याशेजारी ठेवलेली, आतलं सीलही फोडलेलं नव्हतं. खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "रातीला लावलं की फरशीवर पाय घसरतोय बघा. आन् पहाटं उठून पाणी भरायचं असतंय." दारात आलेल्याला वाईट कसं सांगायचं, म्हणून सगळ्या गोड बोलल्या होत्या. दुसऱ्या घरात डबी उघडी होती, पण भांडी घासता घासता ओल्या बोटांनीच क्रीम काढलेलं.

त्यानंतर मी तेलाचा भाग कमी केला आणि डबीऐवजी ट्यूब घेतली. आता प्रत्येक ट्यूब देताना काट्यावर तोलते आणि परत आली की पुन्हा तोलते. किती वापरलं ते वजनावरून कळतं. शिवाय क्रीम कसं लावतात ते माझ्यासमोर, त्यांच्या घरात लावून दाखवायला सांगते.

दुसरी चूक घाईची. "आठ दिवस ठेवलं, काही झालं नाही" हे ऐकलं की मला राग येतो. युरिया पाण्यात हळूहळू फुटतो, अमोनिया तयार होतो आणि सामू (pH, आम्लतेचं माप; जितका कमी तितकं आम्ल जास्त) वर सरकतो. सोडियम बेंझोएट हे जंतू-बुरशी रोखणारं प्रिझर्व्हेटिव्ह साधारण 5 च्या खालच्या सामूतच नीट काम करतं. म्हणजे पहिल्या दिवशी 4.8 असलेलं तुमचं क्रीम पुढे बुरशीला मोकळं होतं, आणि ते जातं कुणाच्या तरी फाटलेल्या टाचेवर. लॅक्टिक आम्ल आणि सोडियम लॅक्टेटची जोडी घालून सामू धरून ठेवा. युरिया मिश्रण 40 अंशांखाली आल्यावरच घाला. तीन महिने 40 अंशांवर नमुना ठेवा आणि दर पंधरवड्याला सामू मोजून वहीत लिहा. मला याहून जवळची वाट सापडलेली नाही.

"नैसर्गिक आहे, प्रिझर्व्हेटिव्ह नको" हा हट्ट सोडा. कोरफडीच्या गरातही पाणीच असतं, आणि पाणी आलं की जंतू आलेच.

लिंबाचा रस नको. त्याचा सामू 2 च्या आसपास, म्हणजे त्वचेसाठी फारच आम्लधर्मी असतो.

हाताच्या आतल्या बाजूला लावून चाचणी घेतली की दुसऱ्या दिवशी मोकळे होऊ नका. ॲलर्जी तिसऱ्या-चौथ्या दिवशीही उठते.

विकायचं असेल तर 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे उत्पादनाचा परवाना आधी काढा.

आणि भेगेतून रक्त येत असेल किंवा बाईला मधुमेह असेल तर नमुना हातात देऊच नका. उघड्या भेगेत युरिया झोंबतो, आणि मधुमेहात पायाची जखम चिघळायला वेळ लागत नाही. अशा मावशींना मी आधी डॉक्टरांकडे पाठवते, जमलं तर स्वतः सोबत जाते.