जांभ्याच्या जमिनीवर मॅग्नेटोमीटर: नवख्यांसाठी आधीच सांगितलेलं बरं

न खणता जमिनीखालचे जुने अवशेष शोधायचे म्हटलं की नवख्याचा हात आधी मॅग्नेटोमीटरकडे, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातला बारीक फरक मोजणाऱ्या यंत्राकडे जातो. काम भराभर होतं, नकाशाही झोकात येतो. कोकणात फसगत होते ती इथेच. जांभा लोहाच्या ऑक्साइडांनी भरलेला, आणि खालचा बसॉल्ट थंड होतानाच चुंबकत्व धरून बसलेला. भिंत चिऱ्याची, जमीनही जांभ्याची. मग फरक दिसणार कुठून? उलट प्रत्येक सुटा धोंडा नकाशात भट्टी असल्याचा आव आणतो. अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेला पोरबंदरचा दगड वापरला तो उगाच नाही.

त्यात झुकावाची भर. पुस्तकांतले नमुने बहुतेक युरोपातले. तिथे चुंबकीय सुई क्षितिजाखाली 60-70 अंश झुकते, आपल्याकडे 30 च्या आतच. म्हणून पूर्व-पश्चिम भिंत ठळक उमटते आणि उत्तर-दक्षिण भिंत पुसट, कधी नुसती टोकंच. दोनच समांतर भिंती दिसल्या म्हणून बाकीच्या पडल्या असं लिहून मोकळं होऊ नका. रंगीत नकाशा पाहून खूश होणाऱ्या मार्गदर्शकापासून तर चार हात लांबच राहा.

घाबरूही नका. गाळाच्या मातीत भाजलेली वीट किंवा भट्टी असेल, तर हेच यंत्र चोख काम देतं. फक्त पट्टा, मोबाइल, किल्ल्या काढून ठेवा.

चिऱ्याच्या भिंतीवर माती असेल तर आधी रेझिस्टिव्हिटी, म्हणजे मातीत वीज सोडून तिला होणारा रोध मोजणं. 20 बाय 20 मीटरचे चौकोन, दर मीटरला वाचन, शंका आली की अर्ध्या मीटरला. ट्विन-प्रोब पद्धतीत सळ्यांची एक जोडी फिरती, दुसरी स्थिर. फिरत्या सळ्यांत अर्धा मीटर अंतर ठेवलं की साधारण अर्धा-पाऊण मीटर खोलीचं कळतं. स्थिर जोडी तिच्यापासून किमान 15 मीटर लांब हवी. पाऊस ओसरल्यावर डिसेंबरपर्यंत उरका. मे महिन्यात सळई मातीला धरत नाही, आकडे उड्या मारतात.

उघड्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या खडकाळ माळावर, सळ्या रुततच नाहीत, तिथे जीपीआर, म्हणजे जमिनीत रेडिओलहर सोडून तिचा प्रतिध्वनी टिपणारं रडार. 400 मेगाहर्ट्झचा अँटेना, रेषा अर्ध्या मीटरवर. वेळ वाचवायला एक मीटर केलंत तर अरुंद भिंत दोन रेषांमध्ये निसटते. चौलसारख्या खाडीकाठच्या बंदराच्या जागी मात्र आधी मातीचा खारटपणा तपासा. खाऱ्या, ओल्या गाळात लहर लगेच मरते. खोलीसाठी यंत्रातला ठरावीक वेग घेऊ नका, धोंड्यासारख्या वस्तूवरून नोंदीत उमटणाऱ्या कमानीवरून (हायपरबोलावरून) काढा: लहर जाऊन परत यायला 20 नॅनोसेकंद लागले, तर नॅनोसेकंदाला 0.1 मीटरच्या वेगाने खोली एक मीटर, 0.07 ने सत्तर सेंटिमीटर.

वहीत गडगा (दगडी कुंपण), विहीर, पंपाचा पाइप आणि आंब्याची कलमंसुद्धा टिपा. मुळं ओल ओढून घेतात, रोध वाढतो आणि कलमाभोवती गोल वास्तू असल्याचा भास होतो.