लहानपणी मार खाल्लेल्या आईबापांनी मदतीची माणसं आधीच कशी ठरवून ठेवावीत

मी नागपुरात मानेवाड्याला राहते, दोन मुलांची आई. माझे वडील पट्ट्यानं मारायचे. गरोदरपणात एकच धास्ती होती, मीही तशीच निघाले तर? ज्यांना ही धास्ती आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

छळ सोसलेले सगळेच पुढे छळ करत नाहीत. अमेरिकेत कॉफमन आणि झिगलर यांनी १९८७ साली तोवरचे अभ्यास तपासून पुढे छळ करणाऱ्यांचं प्रमाण साधारण ३० टक्के धरलं. मिनेसोटातल्या १९८८ च्या अभ्यासात, छळ सोसलेल्या ज्या आयांनी मुलांवर हात उचलला नाही त्यांच्याकडे बहुधा लहानपणी मायेचं एखादं मोठं माणूस, पुढे समुपदेशन किंवा साथ देणारा जोडीदार होता. मला महाल भागातल्या मावशीनं जवळ घेतलं.

म्हणून माणसं आधी ठरवा, राग चढल्यावर कोणी सुचत नाही. नवऱ्याशी निवांत वेळी बोला: "मी 'पोराला घे' म्हटलं की कारण विचारू नका, त्याला बाहेर न्या." शेजारच्या वहिनींनाही तसंच स्पष्ट सांगा, "अर्धा तास सांभाळाल का?" पुण्याची बहीण फोनवर ऐकून घेईल, पण पोराला उचलायला जवळचंच माणूस लागतं. "आम्हीही मार खाल्ला, बिघडलो का?" म्हणणारे कितीही प्रेमाचे असोत, या कामाला नकोत.

आपली अवघड वेळ ओळखा. मे महिन्यात पारा ४५ वर, शाळेला सुट्टी, त्यात लाईट गेलेली, रात्रीची झोप नाही. मी त्या दुपारी वहिनींकडे आधीच बोलून ठेवते.

तान्हं बाळ रडं थांबवत नसेल तर त्याला पाळण्यात उताणं ठेवा, खोलीबाहेर या, फोन करा. बाळाला कधीही गदागदा हलवू नका, मेंदूला इजा होते, जीवही जातो.

घरचे पुरत नसतील तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, मानसोपचार ओपीडीतही दाखवता येतं. मूल धोक्यात असेल तर १०९८, ही मुलांसाठीची हेल्पलाइन.

आणि ज्यांनी तुम्हाला मारलं, ते आजोबा आता कितीही मऊ झालेले दिसोत, मुलांना त्यांच्याकडे एकटं ठेवू नका. नातेवाईक नावं ठेवतील. ठेवू द्या.