आमदारांना निवेदन देऊ नका, प्रश्न लिहून द्या

बरीच वर्षं मी एका आमदारांचा स्वीय सहायक होतो. पीए हो. तुमचं निवेदन शेवटी ज्याच्या टेबलावर येऊन पडतं, तो माणूस. साहेबांसोबत फोटो निघतो, कागदावर 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' असा शेरा पडतो आणि कागद खात्याकडे रवाना होतो. निवेदन देणारेही खूश, साहेबही खूश. बस मात्र येत नाही. म्हणून शाळेच्या वेळेची एसटी, शहरातल्या अपुऱ्या बस किंवा हवामान बदलावरचा कायदा असं काही मागायला निघाला असाल, तर आधी हे वाचा.

पहिल्यांदा खातं ओळखा. एसटीचा विषय परिवहन मंत्र्यांचा. महापालिकेची बस नगरविकासाकडे. धूर, उष्मा, कार्बन हे पर्यावरण व वातावरणीय बदल विभागाकडे. तिन्ही गोष्टी एका कागदात कोंबल्यात, तर प्रत्येक खातं 'आमच्या अखत्यारीत नाही' म्हणून मोकळं होतं. तीन विषय, तीन कागद. प्रत्येक कागद एका पानाचा. दुसरं पान कुणी उलटत नाही, मीही उलटत नव्हतो.

मग पुरावा. फेरी बंद का झाली याचं तोंडी उत्तर साधारण तीनपैकी एक असतं: भारमान (म्हणजे गाडीच्या आसनांपैकी किती टक्के भरतात ते) कमी, चालक-वाहक नाहीत, गाडी नाही. तिन्हीवरचे उपाय वेगळे, त्यामुळे नेमकं कुठलं ते लेखी मिळवा. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आपल्या राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय हवा आणि मजकूर साधारण १५० शब्दांत बसायला हवा. 'फेरी का रद्द केली?' असं विचारू नका. नोंदीत असलेली माहिती मागा: अमुक फेरी गेल्या वर्षी महिनानिहाय किती वेळा नियोजित होती, किती वेळा धावली, तिचं भारमान किती होतं आणि रद्द झाल्याचं कारण नोंदवहीत काय लिहिलंय. सोबत मुख्याध्यापकांच्या लेटरहेडवर पासधारक मुलामुलींची संख्या जोडा. गाव असेल तर ग्रामसभेचा ठरावही. हजार सह्यांच्या गठ्ठ्यापेक्षा हे दोन कागद भारी पडतात.

आता खरं काम. हे सगळं विधानसभेच्या भाषेत बसवून द्या. पीएकडे अधिवेशनाआधी अशा कागदांचा ढीग असतो. तयार प्रश्न हाती आला की तो आधी उचलला जातो, कारण त्याचे कष्ट वाचतात. उदाहरणार्थ, जुन्या वाहनांवर राज्य सरकार पर्यावरण कर घेतं. त्यावरचा प्रश्न असा:

'(१) जुन्या वाहनांवर पर्यावरण कर आकारण्यात येतो, हे खरे आहे काय. (२) असल्यास, गेल्या तीन आर्थिक वर्षांत त्यातून वर्षनिहाय किती महसूल जमा झाला. (३) त्यापैकी किती रक्कम सार्वजनिक बससेवेसाठी खर्च करण्यात आली. (४) ही रक्कम बससेवेसाठी राखून ठेवण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. (५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?'

पहिलं कलम मुद्दाम साधं ठेवलंय. तिथे 'अन्यायकारक', 'जनतेत तीव्र असंतोष' असली विशेषणं घातलीत की खातं 'हे खरे नाही' लिहितं आणि खालच्या सगळ्या कलमांना 'प्रश्न उद्भवत नाही'. झालं, संपला विषय. नाकारताच येणार नाही अशी गोष्ट आधी लिहायची, मग आकडा मागायचा, कार्यवाही त्यानंतर.

अधिवेशनं तीन: अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी बहुधा डिसेंबरात नागपूरला. तारांकित प्रश्नाच्या (ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात) सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात, त्यामुळे अधिवेशन सुरू झाल्यावर मुंबई गाठणारे फक्त विधानभवन बघून परततात. अर्थसंकल्पी अधिवेशनात पैशांचा विषय असेल तर कपात सूचना (खात्याच्या मागणीतली रक्कम कमी करा असा प्रस्ताव, त्या निमित्ताने विषय मांडता येतो) मागा. अचानक उद्भवलेली गोष्ट असेल तर लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना.

आणि एकाच आमदाराच्या मागे लागू नका. विधानसभेत २८८ आहेत, विधान परिषदेत ७८. परिषदेत शिक्षक मतदारसंघाचे ७ आणि पदवीधरांचे ७ आमदार असतात, त्यांच्याकडे फारसं कुणी फिरकत नाही. शाळेच्या बसचा प्रश्न घेऊन शिक्षक आमदाराकडे गेलात तर चहा तरी नक्की मिळेल, बहुतेक प्रश्नही लागेल. एकाच प्रश्नाखाली सत्ताधारी आणि विरोधक दोघांचीही नावं असली तर फारच उत्तम.

कायदाच हवा असेल, तर राज्याच्या हातात काय आहे ते आधी पाहा. मोटार वाहन कायदा, १९८८ केंद्राचा आहे. तो बदला म्हणून राज्याच्या आमदाराला सांगण्यात दिवस घालवू नका. वाहनांवरचा कर मात्र राज्याचा विषय आहे, बससाठी तरतूद राज्याची आहे, शहरातल्या बस, मेट्रो, लोकल यांचा मेळ घालणारं प्राधिकरणही राज्य उभं करू शकतं. दहा लाखांवरच्या शहरांत असं प्राधिकरण असावं, हे केंद्राच्या २००६ च्या शहरी वाहतूक धोरणातच आहे. चेन्नईसाठी तमिळनाडूने २०१० साली कायदा केला, केरळने २०१९ मध्ये. मुंबईत २००८ साली शासन निर्णयावर काम भागवलं गेलं. शासन निर्णय दुसऱ्या शासन निर्णयाने बदलतो, कायदा बदलायला सभागृहात यावं लागतं. म्हणून कायद्याचा आग्रह. सोबत सर्वोच्च न्यायालयाचा २०२४ चा निकाल जोडा. हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क न्यायालयाने त्यात राज्यघटनेच्या कलम १४ आणि २१ शी जोडला आहे. अशासकीय विधेयक (मंत्र्याऐवजी साध्या आमदाराने मांडलेलं) सहसा मंजूर होत नाही, पण त्यावर मंत्र्यांना उभं राहून बोलावं लागतं.

मंत्री 'तपासून निर्णय घेऊ' म्हणाले की बहुतेक जण पेढे वाटून मोकळे होतात. तुम्ही त्या दिवसाच्या कार्यवाहीतलं ते वाक्य मिळवा, तारखेसह. सभागृहात दिलेल्या शब्दाचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती असते. दोन महिन्यांत हालचाल दिसली नाही तर त्या समितीच्या प्रमुखांना पत्र लिहा, प्रत आपल्या आमदारांना द्या आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.