जाहिरात नामंजूर झाली? आधी या चुका टाळा

गूगल अ‍ॅड्समध्ये कीवर्डवर, म्हणजे लोक शोधतात त्या शब्दांवर, जाहिराती लावणाऱ्यांची तक्रार ठरलेली: "तीच ओळ, तीच लिंक, एका अ‍ॅड ग्रुपमध्ये (जाहिरातींच्या गटात) मंजूर, दुसऱ्यात नामंजूर. असं कसं?" चिडचिड रास्त आहे. प्रत्येक जाहिरात स्वतंत्र तपासली जाते, आणि काल मंजूर झालेलीही पुन्हा तपासणीला जाऊ शकते. पण चिडून लोक जे करून बसतात, त्यानं नुकसान जास्त होतं.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे कारण न वाचता जाहिरात पुसून पुन्हा टाकणं. कोल्हापूरच्या चप्पल लाइनीतल्या एका दुकानदारांनी दिवाळीच्या तोंडावर गूगल अ‍ॅड्सवर जाहिराती लावल्या. काही चालू, काही 'डेस्टिनेशन नॉट वर्किंग', म्हणजे लिंकवरची साइट उघडत नाही, म्हणून बंद. दुकानात मोबाइलवर साइट झटकन उघडायची, म्हणून पुतण्यानं ठरवलं की तपासणीच चुकतेय. तो रोज रात्री जाहिरात पुसायचा, एखादा शब्द फिरवून परत टाकायचा. कधी पास, कधी नापास. शेवटी म्हणाला, "काका, दुसऱ्या ईमेलवरनं नवीन अकाउंट काढूया की!" काढलं, आणि दोन्ही अकाउंट निलंबित झाली. नियमांना असा बगल देणारा मार्ग तिथं गंभीर उल्लंघन धरला जातो, आधी इशाराही मिळत नाही.

मूळ दुखणं भलतंच होतं. होस्टिंगवाल्यानं, म्हणजे ज्याच्या सर्व्हरवर साइट ठेवली होती त्यानं, सुरक्षेसाठी भारताबाहेरचा ट्रॅफिक अडवला होता. गूगलचा तपासणारा बॉट (आपोआप साइट उघडून बघणारा प्रोग्राम, अ‍ॅड्सबॉट) परदेशी सर्व्हरवरून आला की त्याला एरर दिसायची. ते निस्तरून अपील करेपर्यंत दिवाळी उरकली. चांगला माल कपाटात पडून राहिला, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून नामंजुरी आली की मी आधी स्क्रीनशॉट घेतो, मग कारण शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. साइट परदेशातल्या ओळखीच्या माणसाला उघडून बघायला सांगतो. होस्टिंगवाल्याला सरळ विचारतो, "अ‍ॅड्सबॉट अडवलाय का?" मगच अपील, तेही एकदाच. तिथं दोन पर्याय असतात: निर्णय मान्य नाही, किंवा दुरुस्ती केली आहे. दुरुस्ती न करताच दुसऱ्यावर टिक करणारे पुष्कळ बघितलेत. निकाल येईपर्यंत जाहिरातीला हात लावायचा नाही. बदल केला की तपासणी नव्यानं सुरू.

शीर्षकात उद्गारचिन्ह नको. मजकुरात फोन नंबर नको, त्यासाठी कॉल अ‍ॅसेट, म्हणजे जाहिरातीला नंबर जोडायची वेगळी सोय, आहे.

गूळवाल्यांनो, "मधुमेहाला चालतो" लिहू नका. शेजाऱ्याची तशी जाहिरात चालतेय, हा आधार नव्हे. ती बंदच पडायला हवी. आजारी माणूस त्यावर विश्वास ठेवतो.

सणाच्या आदल्या रात्री जाहिरात टाकू नका. बहुतेक जाहिराती एका कामकाजाच्या दिवसात तपासून होतात, सगळ्या नाही. मी आठवडाभर आधी टाकतो. दोन पूर्ण कामकाजाचे दिवस उलटूनही तपासणी चालूच दिसली तर सपोर्टला लिहा: अकाउंट क्रमांक, कॅम्पेनचं नाव, लिंक, स्क्रीनशॉट. नुसतं "आमच्यावर अन्याय झाला" लिहून पाठवलं, तर समोरच्याला शोधायला काहीच हाती लागत नाही.