घटपर्णीचं टिश्यू कल्चर, तेपण जळगावात

आपल्याकडे टिश्यू कल्चर (बाटलीत, निर्जंतुक खाद्यावर रोपं वाढवणं) म्हटलं की केळीच, ग्रँड नैन जात, लॅबची रोपं, झालं. पण घटपर्णीचं म्हणजे पिचर प्लांटचंही घरी जमतं, फक्त केळीचा हिशोब डोक्यातून काढा. केळी खादाड अन ही निकस जमिनीतली, खायला मिळत नाही म्हणून तर किडे पकडते. त्यामुळे एमएस मीडिया (बाटलीतल्या रोपांचं क्षार-व्हिटॅमिनचं खाद्य) ताकदीला अर्धा किंवा पावच घ्यायचा.

लिटरला साखर 30 ग्रॅम, अगर (मीडिया जेलीसारखा घट्ट करणारी पावडर) 7-8 ग्रॅम, अन अगर टाकायच्या आधी पीएच 5.7 च्या आसपास आणा. बाटल्या थोड्याच भरून कुकरात, शिट्टी झाली की गॅस बारीक करून 20-25 मिनिटं. सोबत एका बाटलीत नुसतं पाणीपण ठेवा, पुढे लागतं. (कुकर वेगळाच घ्या भो, आमच्याकडे "काय करी ऱ्हायना तू, वरण कशात लावू?" रोज ऐकावं लागायचं.)

बी ताजंच पाहिजे, जुनं उगवत नाही. नर-मादी झाडं वेगळी असतात म्हणून एकट्या झाडावर बी धरेल ही आशा सोडा, नर्सरीतून किंवा हौशी लोकांकडून घ्या, मेघालयातल्या जंगलातली खासियाना जातीची घटपर्णी मात्र अजिबात नको, ती संरक्षित आहे. बी दोऱ्यासारखं बारीक असतं तर मलमलच्या पुरचुंडीत बांधा, एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी, भांड्याच्या साबणाचा थेंब, 10 मिनिटं, मग त्या कुकरातल्या पाण्याने तीनदा धुवा. पेरताना पंखा, कूलर सगळं बंद, हात घालायला भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात काम करा. सॅनिटायझर मारून लगेच दिवा पेटवू नका!

मग 25 डिग्री, 16 तास एलईडी. रोप जरा मोठं झालं की मीडियात लिटरला 1 मिलीग्राम बीएपी हे हार्मोन, फुटवे येतात, जास्त टाकलं तर पानं काचेसारखी होतात. मुळांसाठी बिनहार्मोनचा मीडिया. बाटलीतच राईएवढे घट दिसतात, मुंगी टाकायचा मोह आवरा, झाकण उघडलं की बुरशी.

खरी परीक्षा हार्डनिंगची, म्हणजे रोप बाहेरच्या हवेला सरावायची. बाटलीतल्या पानाला मेणाचा थर नीट आलेला नसतो, आपल्या मेच्या 44-45 डिग्रीत दुपारपर्यंतपण टिकत नाही. म्हणून उलटं मोजा, रोपं जुलैत बाहेर निघतील असं. अगर धुऊन काढा, मॉस (शेवाळ) अन परलाइटमध्ये (हलके पांढरे खडे) लावा, वरून पिशवी, तिला आठवड्याला एकेक भोक. बोअरचं क्षाराचं पाणी चुकूनही नको, आरओचं नाहीतर पत्र्यावरून गळणारं पावसाचं धरा, पहिल्या सरी सोडून.